मिमी म्हणजे काय?

माझा दादा चष्मे करायचा. बंदराच्या रस्त्यावर खाली दुकान आणि वर दोन खोल्या. खाली दादा आणि मी, वर वहिनी. मी लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर मनातल्या मनात विचारावं. काउंटरवर बसायचं, फ्रेमी पुसायच्या, गिऱ्हाइकांना शिस्त लावायची आणि घरात काय बोलायचं, काय नाही, हे ठरवायचं, एवढं काम माझ्याकडे होतं. शेवटचं मला कुणी दिलेलं नव्हतं. ते मी आपणहून घेतलं.

दादाचा हात फार हलका. काच घासताना चाकावरून पाणी उडायचं, पण त्याच्या शर्टावर कधी थेंब दिसला नाही. दोन बुबुळांमधलं अंतर तो नुसतं बघून सांगायचा, मग खात्रीसाठी पट्टी धरायचा आणि मला ओरडून सांगायचा, "त्रेसष्ट मिमी!" मी वहीत लिहून घ्यायची. हे अंतर चुकलं की चष्मा डोकं उठवतो, म्हणून तो प्रत्येक माप दोनदा ओरडायचा.

त्याला मुलगी झाली ती एवढीशी. दवाखान्यात तिला बघून हा म्हणतो, "हिची उंची सेंटिमीटरमध्ये कुठली, मिमीतच मोजावी लागेल." झालं! कागदावरचं नाव कागदावर राहिलं आणि पोरगी मिमी झाली. बोलायला लागल्यावर तर काही विचारू नका. खालून "बासष्ट मिमी" ऐकू आलं की ही जिन्यातून ओरडायची, "काय बाबा?" आणि दादा म्हणायचा, "तू नाहीस गं, दुसऱ्या बासष्ट जणी!"

नऊ वर्षांची असताना तिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. तीन दिवसांत सगळं संपलं.

वहिनींनी अंथरूण धरलं. कुणी मिमीचं नाव काढलं की त्यांची दातखीळ बसायची. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस हा विषय नको." मग मी कंबर कसली. फोटो पेटीत घातले. दप्तर, बूट, रिबिनी बांधून देऊन टाकल्या. शेजारणींना तंबी दिली. दादाला सांगितलं, "वहिनींसमोर नाव काढू नकोस, त्या हाती लागणार नाहीत." वहिनी उठून कामाला लागल्यावर त्यांनाही बाजूला घेऊन सांगितलं, "दादासमोर नाव काढू नका, तो आतून खचलाय." आणि दुकानात फर्मान काढलं की नुसता आकडा सांगायचा, पुढचं मला कळतं. त्या दिवसापासून दादा "त्रेसष्ट" म्हणून थांबायचा. डॉक्टर 'काही दिवस' म्हणाले होते. मी ते चौदा वर्षं चालवलं.

आमच्या रस्त्यावर जगभरचे खलाशी यायचे. समुद्रावर चष्मे फुटतात, हरवतात, वाकतात. दादा गरम वाळूत फ्रेम धरून दांडी सरळ करायचा, कानामागे नीट बसवायचा, आरसा दाखवायचा. मग, मला वाटतं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून असेल, तो विचारायला लागला, "तुमच्या भाषेत मिमी म्हणजे काय?" निम्मं बोलून, निम्मं हातवारे करून.

बहुतेक जण खांदे उडवायचे. पण एक फ्रेंच इंजिनियर खुलला. म्हणाला, मिमी म्हणजे गोंडस, लहान पोराला म्हणतात, मांजरालाही म्हणतात. स्वाहिली बोलणाऱ्या एका आचाऱ्याने छातीवर हात ठेवला. मिमी म्हणजे मी, मी स्वतः. एका जपानी खलाशाने स्वतःच्या कानाची पाळी धरून दाखवली, मिमी म्हणजे कान. दादा प्रत्येकाला म्हणायचा, "परत म्हणा ना." तो माणूस परत म्हणायचा आणि दादा डोळे मिटून घ्यायचा.

मला वाटलं, लागलं एकेक वेड. कुणी तिकिटं जमवतं, हा शब्द जमवतोय. मी टोमणे मारायची, "ते चष्म्याला आलेत की तोंडी परीक्षेला?" तो हसून स्क्रू पिळायला बसायचा.

मग एक माओरी खलाशी आला, दरवाज्यात मावणार नाही असा. दादाने प्रश्न विचारला तर तो पठ्ठ्या लाजून लाल. माझ्याकडे चोरून बघितलं आणि दादाच्या कानात काहीतरी सांगितलं. दादा खुर्चीवर बसून पोट धरून हसला. त्याच्या भाषेत मिमी म्हणजे शू. "अगं," दादा डोळे पुसत मला म्हणाला, "आपल्या पोरीला हे कळलं असतं ना, आठवडाभर घर डोक्यावर घेतलं असतं तिने."

दहा वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचा विषय काढला होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दादा, जिन्याचं दार उघडं आहे."

त्याचं हसू तिथेच थांबलं. खलाशी गेल्यावर तो हळूच म्हणाला, "अर्थाचं मला काय करायचंय गं. घरात ते नाव कुणी घेत नाही. परक्यांच्या तोंडून तरी कानावर पडतं."

"तूच म्हण की मग, एकटा असताना."

"म्हणतो. पण हाक आली असं वाटायला दुसरं माणूस लागतं."

पण मी फर्मान मागे घेतलं नाही. मला माझंच खरं वाटत होतं.

चारेक वर्षांनी दादाला कमी ऐकू यायला लागलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, यंत्रं लावून बघितली आणि सांगितलं, नस सुकत चाललीय, सहा महिन्यांत दोन्ही कान पूर्ण जातील, यंत्राचाही उपयोग नाही. बाहेर पायऱ्यांवर दादा थांबला. माझा हात धरून म्हणाला, "एक काम कर. तुझ्या वहिनीला विचार, एकदा, फक्त एकदा नाव घेशील का म्हणून. तिच्या आईच्या आवाजात ऐकायचंय. मग गेले कान तर जाऊ देत."

"तूच विचार ना."

"माझी हिंमत नाही. तूच म्हणाली होतीस ना, हाती लागणार नाही म्हणून."

मी हो म्हणाले. आणि मग टाळत राहिले. एकदा वहिनींना सर्दी होती. एकदा त्यांची बहीण राहायला आली होती. एकदा नुसतंच, आज घर शांत आहे तर कशाला. दादा रोज सकाळी माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची, अजून नाही. दुपारी तो खलाशांना विचारायचा आणि तीनतीनदा म्हणायला लावायचा. पुढे पुढे तर त्यांच्या तोंडाशी कान न्यायचा. पुढे त्याने विचारणंच सोडलं.

एके दिवशी सकाळी त्याच्या कोपराचा धक्का लागून एक काच खाली पडली. फरशीवर तुकडे झाले. दादा मान खाली घालून पट्टीवर माप बघत राहिला. मी हाका मारल्या. काउंटरवर हात आपटला. त्याने वर बघितलं नाही.

मी जिना चढून वर गेले. वहिनी कपडे पिळत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, त्यांचा चेहरा न बघता. सांगून झाल्यावर बघितलं. दातखीळ बसली नव्हती.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मी रोज तिचं नाव घेते. नळ मोठा सोडते आणि घेते. ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुम्ही सांगितलं होतंत ना, ते खचतील म्हणून."

त्या तशाच ओल्या हातांनी खाली गेल्या. मी मागे. दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याची वाट बघत बसलं होतं, दुसरं आरशात बघत होतं. वहिनी सरळ दादासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिमी," त्या म्हणाल्या.

दादाने मान वर केली.

"मिमी! अहो, मिमी! आपली मिमी!" वहिनी ओरडल्या. आरशासमोरचा माणूस मागे वळला. रस्त्यावरचं कुणीतरी थांबलं. चौदा वर्षांत त्या घरात एवढ्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. वहिनींच्या तोंडाकडे तो बघत राहिला. ओठ मिटत होते, उघडत होते, परत मिटत होते. त्या काय म्हणतायत ते त्याला समजलं. त्याचा चेहराच सांगत होता.

"परत म्हण," तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने फार मोठ्याने म्हणाला.

वहिनी परत म्हणाल्या. किती वेळा, मी मोजलं नाही. दादाने दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, उजवा कान त्यांच्या ओठांना टेकवला आणि डोळे मिटून घेतले. वहिनी म्हणत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने कान बाजूला घेतला आणि लहान पोरासारखी मान हलवली, नाही म्हणून.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने माझा हात धरला होता, त्या गोष्टीला आता आठ महिने झाले होते. तेव्हा त्याला ऐकू येत होतं.