सर्व्हरच्या तापाला 'अ' वर्ग

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मिरकरवाड्यातल्या आमच्या घरात जाळी मुक्कामाला यायची. खोली एकच. बाबांची होडी लहान, समुद्र बंद म्हणजे चूलही अर्धी बंद. त्यात निम्मी जागा जाळ्यांची. फाटकं जाळंसुद्धा बाबा टाकू द्यायचे नाहीत.

"जाळ्यांनी पाय पसरलेनी नि आमी गुडघे पोटात घेऊन निजायचा," आई म्हणायची.

"असू दे. लागंल कधीतरी."

ते कधीतरी मी कॉलेजात जाईपर्यंत आलं नव्हतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे नम्रपणे वगैरे सांगत नाही, अभिमानानेच सांगतो.

दोन हजार सालानंतर मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागलो. बाहेरगावच्या दवाखान्यांचे तपासणी अहवाल आमच्याकडे साठायचे. त्यासाठी काही सर्व्हर एकमेकांना जोडून ठेवलेले. एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं. याला क्लस्टर म्हणतात. तो सांभाळायचं काम माझं. नोकरी हंगामी. साहेब म्हणाले होते, "वर्षभर क्लस्टर बंद पडू दिला नाहीत, तर कायम करू. पडला, तर बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. घरी जाळ्यांसाठी वेगळी खोली काढायचं कायम झाल्याशिवाय जमणार नव्हतं.

सर्व्हरवर नजर ठेवायला एक प्रोग्रॅम होता. कोण किती तापला, कुणाची डिस्क किती भरली, हे तो दर मिनिटाला टिपून ठेवायचा, आणि ठेवायचा त्याच सर्व्हरांच्या डिस्कवर. म्हणजे राखणीला गुरखा ठेवला आणि त्यानेच ओटीपासून माजघरापर्यंत बिऱ्हाड मांडलं.

जुने आकडे पुसले की प्रश्न मिटत होता. पण साहेब सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन आलेले. कचेरीत कागदांचे वर्ग असतात: 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ड' म्हणजे वर्षभराने नष्ट करायचे. साहेबांनी आल्या आल्या कंपनीतल्या सगळ्या माहितीचे वर्ग पाडले आणि सर्व्हरचा ताप 'अ' वर्गात बसवला.

"साहेब, गेल्या गणपतीत दुपारी सर्व्हर किती तापला होता, हे आता कोण विचारणार?"

"आणि विचारलं तर?"

सर्व्हरचा ताप कायम आणि मी हंगामी, एवढं माझ्या लक्षात आलं.

डिस्क भरत चालल्याचे इशारे रोज येऊ लागले. साहेबांनी मीटिंग घेतली. चहा झाला, खारे शेंगदाणे झाले, आणि निर्णय झाला.

"डिस्क भरतेय ना? मग तिच्यावर जास्त बारीक नजर ठेवा. मिनिटाला कशाला, दर काही सेकंदांनी टिपा."

मी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "अहो, काळजी करणाऱ्याने कमी बघून कसं चालेल?"

त्यामुळे काही महिन्यांत भरायच्या डिस्का काही दिवसांत भरल्या. एक पडला तर दुसरा उचलेल ही क्लस्टरची खुबी. पण गुरखा सगळ्यांच्या घरी सारखाच राहायला गेलेला. एक सर्व्हर थांबला, बाकीचे त्याच वाटेवर. तेव्हा साहेब त्याच सर्व्हरांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर नवा आदेश लिहीत होते: कोणतीही नोंद पुसू नये. तो सेव्ह होईना.

"जागा नाही म्हणतोय हा."

"हो साहेब."

"मग जागा करा."

"पुसू?"

"पुसायचं नाही हो. जागा करा."

दुसरा सर्व्हर थांबायच्या बेतात होता, आणि त्याबरोबर माझी नोकरीही. डिस्क, मेमरी असलं काही बोलून उपयोग नव्हता. मी विचारलं, "साहेब, एखाद्या नोंदीचा वर्ग बदलायचा अधिकार कुणाला असतो?"

साहेब ताठ बसले. "इथे? फक्त मला."

"म्हणजे तुमच्याशिवाय हे कुणालाच जमणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ड करा," म्हणाले. "पण सार राहिलं पाहिजे." हुकूम त्यांनी हाताने लिहून दिला. कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती.

मी ताजे आकडे पूर्ण ठेवले, जुन्यांची फक्त तासातासाची सरासरी ठेवली, वर्षापलीकडचे आपोआप पुसले जातील असं लावलं. टिपणं परत मिनिटावर आणलं आणि त्याला वेगळी डिस्क दिली. थांबलेला सर्व्हर उठला. क्लस्टर बंद पडला नाही. वरच्या लोकांना साहेबांनी कळवलं, नजर बारीक करायला लावली म्हणूनच वेळेत कळलं. मी मान हलवली.

वर्ष संपलं आणि मी कायम झालो. पुढच्या पावसाळ्याआधी घरामागे पत्र्याची खोली काढली. जाळी तिकडे गेली. बाबांनी त्यातलं एकही टाकलं नाही. आई-बाबा आता घरात पाय लांब करून झोपतात.