टँकरच्या हॉर्नपर्यंतचा चार्ल्सटन

आमच्या गच्चीचे किस्से सांगायला बसलो की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, मी नांदेडहून बदलून आलेला कारकून. त्या साली दुष्काळ. नळ कोरडे, आणि आम्ही क्वार्टरच्या गच्चीवर चार्ल्सटन नावाचा विलायती नाच शिकत होतो!

शिकवायच्या फिलोमिना सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स, मूळच्या सिकंदराबादच्या. तरुणपणी तिथल्या रेल्वेच्या हॉलमध्ये नवऱ्याबरोबर हा नाच करायच्या. नवरा गेला तेव्हापासून चावीचा ग्रामोफोन त्यांनी गुंडाळून ठेवला होता. रिटायर व्हायला महिना उरला तेव्हा म्हणाल्या, "गावी जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, चार माणसांबरोबर रेकॉर्ड संपेपर्यंत नाचायचंय."

*

"गुडघे आत, गुडघे बाहेर, आता लाथ पुढे!" सिस्टर ओरडायच्या. आमच्या ऑफिसातल्या रेणापूरच्या कांबळेंनी शाळेत लेझीम गाजवलेलं. लाथ मारून झाली की ते आपोआप खाली बसायचे.

"कांबळे, खाली का बसता?"

"सिस्टर, चौथ्या ठोक्याला बसायचंच असतंय की!"

आठवडाभरात सगळी गच्ची चौथ्या ठोक्याला खाली बसायला लागली. सिस्टरसुद्धा!

*

खालच्या क्वार्टरातल्या रखमाबाई म्हणजे टँकरच्या रांगेच्या मालकीणच. हॉर्न वाजला की माणूस आपल्या घागरीपाशी पाहिजे, नसला तर घागर रांगेबाहेर. "नंबर घागरीचा न्हाई, माणसाचा हाय!"

त्यामुळे हॉर्न वाजला की पाय हवेत असला तरी आम्ही जिन्याकडे पळायचो. वर रेकॉर्ड वाजत राहायची आणि तिच्याजवळ सिस्टर एकट्याच. फार वाईट वाटायचं. पण पाण्याशिवाय घर कसं चालणार?

*

एकदा माझ्या बायकोची चप्पल लाथेबरोबर उडाली ती थेट रखमाबाईंच्या अंगणात. बाई चप्पल घेऊन तणतणत वर आल्या. आम्हाला वाटलं, आता संस्कृतीवरून आपली खरडपट्टी निघणार.

"लई घाम गाळताय की! ह्या घामाला आंघोळ लागती. तिला पाणी कुठलं आणणार?"

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरनी हळू लाथा सुरू केल्या. पाणी नसलेल्या त्या साली सिस्टरनी आम्हाला पोटभर हसवलं. त्यांचे हे उपकार मी कधी विसरलो नाही.

*

सिस्टरची शेवटची संध्याकाळ. खाली सामान बांधून तयार, सकाळी गाडी. रेकॉर्ड निम्म्यावर आली आणि हॉर्न वाजला! सगळ्यांचे पाय थांबले. कांबळे तर जिन्यापर्यंत पोचलेसुद्धा.

"जा, जा. पाणी आधी," म्हणत सिस्टरनी सुई उचलायला हात पुढे केला. हसत होत्या.

तेवढ्यात खालून रखमाबाई कडाडल्या, "कुणी खाली आलं तर बघा! समद्यांच्या घागरी म्या भरते. नाचा तुम्ही!"

रेकॉर्ड संपेपर्यंत नाचलो. मग गच्चीवर बसून दम खाल्ला आणि सिस्टरना घेऊन कठड्याशी आलो. टँकर निघून गेला होता. खाली सगळ्या घागरी काठोकाठ भरलेल्या, आणि त्यांच्या मधोमध रखमाबाई, पदर खोचून, रेकॉर्ड संपली तरी एकट्याच लाथा मारत होत्या. चौथ्या ठोक्याला खाली बसत होत्या.