वेबसाइटची बोहनी

बाबांची कापडाची मिल बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते. गेटला कुलूप लागलं, बाजूला नोटीस डकवली गेली, आणि बाबा आणि त्यांचे सोबती कितीतरी महिने रोज त्या गेटसमोर जाऊन बसत. पुढे एकेकानं पोटापाण्याचं काही ना काही सुरू केलं. तेव्हापासून आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यात एक रीत पडली. मिलमधल्या कुणी धंदा काढला की बाकीच्यांनी पहिल्या दिवशी जाऊन बोहनी, म्हणजे पहिली खरेदी, करायची, गरज असो वा नसो. एकानं सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं, तर लोक धडधाकट सायकली घेऊन रांगेत उभे. बाबांनी पोह्यांची गाडी लावली त्या दिवशी सगळे घरून खाऊन आले होते, तरी प्लेट रिकामी केल्याशिवाय कुणी हलला नाही.

मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात बिलं करत होते. तिथंही माणसं कमी करणं चालू होतं आणि आता माझी पाळी आहे, हे मला दिसत होतं. म्हणून मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक वेबसाइट काढली. सुती कपडे कसे धुवावेत, डाग कसे घालवावेत, असलं सगळं, इंग्रजीत. वाचायला फुकट, कमाई जाहिरातींची. एका परदेशी कंपनीचं मशीन माझं पान वाचायचं आणि मजकुराला साजेशी जाहिरात शेजारी लावायचं. हळदीच्या डागाशेजारी साबण, कोटा साडीशेजारी साड्यांचं दुकान. वाचणाऱ्यानं जाहिरातीवर क्लिक केलं की दुकानदार कंपनीला पैसे देणार आणि कंपनी आपला वाटा कापून उरलेले मला. ठरावीक रक्कम जमल्याशिवाय मात्र हातात काही पडत नसे. ती आता जमत आली होती. नोकरी गेली तरी घर थोडंफार चालेल, एवढा धीर मला त्या आकड्यानं दिला होता.

एका सकाळी खातं उघडलं तर आकडा एकदम उडी मारून वर गेलेला. वाचणारे मूठभर आणि क्लिक ढीगभर, आणि सगळे आदल्या दुपारचे. कंपनीचा एक नियम कडक होता: जाहिरातीवर आपण क्लिक करायचं नाही, आपल्या माणसांकडून करवून घ्यायचं नाही. तसं दिसलं की खातं बंद.

बाबा पोह्यांची गाडी आवरून परतले तेव्हा मी दारातच विचारलं, "काल दुपारी कुठं होता?"

बाबा हसले. "आम्ही सगळे स्नेहलतागंजच्या सायबर कॅफेत गेलो होतो बेटा. तुझी बोहनी बाकी होती ना. एकेकानं सगळ्या जाहिराती दाबल्या. फोकटमध्ये नाही, कॅफेवाल्याला पैसे दिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नको ते बोलले, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाबांना आधी काही समजेचना. दुकानात गिऱ्हाईक गेलं तर दुकान बंद कसं होईल?

त्याच सकाळी मी कंपनीला सगळं खरं लिहून कळवलं. मिल, बोहनी, बाबांचे सोबती, काही लपवलं नाही. मग वाट बघणं सुरू झालं. कारखान्यात माझ्या हातून बिलावर भलतेच आकडे पडायला लागले. घरी आले की बाबा माझ्याकडे न बघता विचारायचे, "आलं का उत्तर?" मी नकारार्थी मान हलवायचे आणि ते जेवायला बसायचे. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे त्यांनाही कळलं होतं, पण मला त्यांची दया येत नव्हती. मला भीती वाटत होती आणि ती सगळी मी त्यांच्यावर काढत होते.

उत्तर रविवारी आलं. खातं बंद. जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाणार. अधिक काही सांगता येणार नाही. मी लिहिलेल्यातलं एक अक्षरही कुणी वाचल्याची खूण त्यात नव्हती.

मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून, चपला चढवून बाहेर आले.

"चल, साहेबाला भेटून येऊ. गलती माझी आहे, मी सांगतो त्याला."

"बाबा, साहेब नाहीये कुणी. मशीनच सगळं बघतं."

"मग ऑफिस तर असेल ना? बंबईला असेल, दिल्लीला असेल. ट्रेननं जाऊ."

"जाऊन भेटता येईल असं काही नाहीये, बाबा."

ते उंबऱ्यावर बसले आणि एकेक चप्पल काढून भिंतीशी नीट लावून ठेवली. आज इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"आमच्या मिलला गेट तरी होतं बेटा," ते म्हणाले. "तू कुठं जाऊन बसशील?"