अर्ध्याहून जास्त हवा

ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. थंडीतला सोमवार होता. पोलीस ठाण्यात मी, ड्यूटीवरचे हवालदार आणि समोरच्या बाकावर खुलताबादकडचे एक वयस्कर गृहस्थ, एवढेच होतो. त्यांच्या अर्जात एक आकडा दोनदा अधोरेखित केलेला होता: एकशे दहा.

गृहस्थांचा मुलगा वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला होता. मित्राबरोबर तो कोकणात स्कूबा डायव्हिंगला गेला आणि तिथंच वारला. किनाऱ्यापासून लांब एक छोटं खडकाळ बेट आहे. तिथल्या पाण्याला ओढ असते, म्हणून नवख्यांना नेत नाहीत. पुढचं शिक्षण घेऊन कार्ड मिळवलेल्यांनाच उतरवतात. या दोघांकडे ते कार्ड होतं. पाण्याखाली दोघांची जोडी असते आणि दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची असते. मुलाचा जोडीदार हा मित्रच, एकाच गावातला, लहानपणापासूनचा. मुलाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या सिलिंडरमध्ये एकशे दहा बार दाब शिल्लक होता. भरलेल्या सिलिंडरमध्ये दोनशे असतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त हवा पाठीवर असताना माणूस गेला होता.

किनाऱ्यावरच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती. तपास त्यांचाच, पण माणसं आमच्या हद्दीतली, म्हणून जबाब नोंदवण्याचं काम आमच्याकडे आलं. हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले, "साहेब, इथं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाय, अन् आपल्या टेबलावर समुद्र आलाय." गृहस्थांनी मान वर केली. हवालदार ओशाळले आणि त्यांच्यासाठी चहा सांगायला गेले.

अर्जाचं कारण गंभीर होतं. त्याच होडीतून गेलेल्या पुण्याच्या एका डायव्हरनं गृहस्थांना फोन केला होता. मुलगा वर निघाला असताना मित्रानं त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं, असं त्यानं पाहिलं होतं. मी स्वतः फोन लावून खात्री केली. तो ठाम होता. "दोन्ही हातांनी ओढत होता, सर. मी अगदी जवळ होतो."

दुपारी मित्राला बोलावलं.

"पाय धरला होतास?"

"हो."

"खाली ओढलंस?"

"हो, साहेब. फार जोरात वर चालला होता. थांबवत होतो."

"वर गेला असता तर काय बिघडलं असतं? आणि हवा होती, तर मेला कशानं?"

मी आवाज चढवला. खुनाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही सांगितलं.

"करा," तो म्हणाला. "काकांना पण तेच पाहिजे."

नोकरीत मी एक गोष्ट पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं भरपूर सांगतो. हा विचारलेलंही अर्धंच सांगत होता. त्याला बाहेर बसवून मी शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा वाचला. फुप्फुस फाटलेलं, मानेच्या कातडीखाली हवा. शहरातल्या ज्या जलतरण तलावावर दोघं शिकले, तिथल्या प्रशिक्षकाला फोन केला. तो म्हणाला, "खाली सिलिंडरमधून घेतलेली हवा दाबाखाली असते. वर येताना ती फुगते. म्हणून पहिला नियम, श्वास कधी रोखायचा नाही. रोखला की फुप्फुस फाटतं."

"कार्ड मिळवलेला माणूस श्वास रोखेल?"

"घाबरला की नवं शिकलेलं विसरतं, सर. जुनं तेवढं उरतं."

मग वडिलांचा जबाब घ्यायला बसलो. मुलगा पोहायला कुठं शिकला, हा प्रश्न मी केवळ रीत म्हणून विचारला.

"माझ्याच हातानं, साहेब. मळ्यातल्या हिरीत. तळाची माती मुठीत घिऊन यायची अन् वर येईस्तोवर दम सोडायचा नाय. सोडला की मी पुन्हा खाली धाडायचो. लई दमाचं लेकरू. ह्यो त्याचा दोस्त निम्म्यातच बुडबुडं सोडायचा. बुडबुड्याच म्हणायचो आम्ही त्याला." बोलता बोलता ते क्षणभर हसले होते.

माझं पेन थांबलं. मी उठलो आणि मित्राला शेजारच्या खोलीत नेलं.

"त्यानं श्वास रोखला होता ना?"

त्यानं मान डोलावली. "लाटेनं खडकावर आपटला, साहेब. मास्क निघाला. गाल फुगवून वर निघाला, हिरीतल्यासारखा. सोड, सोड म्हणून खुणा केल्या, पण मास्कशिवाय त्याला दिसंना. म्हणून पाय धरला. निसटला." मग म्हणाला, "काकांना कसं सांगू? माझ्यावर चिडून तरी जगतील ते. हे कळल्यावर काय करतील?"

मी वडिलांना एवढंच सांगितलं, की घाबरून श्वास रोखला गेला, फुप्फुस फाटलं, आणि मित्र त्याला वाचवत होता. त्यांनी हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"हिरीत चालतं ते. न्हाय का, साहेब?"

"विहिरीत चालतं. तिथं माणूस वरचीच हवा घेऊन खाली जातो. तुमचं काही चुकलं नाही."

"तरी लिहा. दम धरायला मीच शिकवलं व्हतं."

"कायद्याला त्याची गरज नाही, काका."

"कायद्याला नसंल. गावात ह्या पोराला खुनी मीच म्हणलो. त्याची आय पाण्याला निघाली की बाया तोंड फिरवत्यात. लिहा, अन् मला नक्कल द्या. पारावर वाचून दाखवीन."

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी सही केली.

गप्प बसणाऱ्याला मी त्या दिवसापर्यंत एकच प्रश्न विचारत असे, काय लपवतोस? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आणखी एक विचारत राहिलो, कुणासाठी लपवतोस? पुष्कळदा उत्तर मिळालं नाही. दोन-चारदा मिळालं, आणि तेवढ्या माणसांवर चुकीचा गुन्हा दाखल झाला नाही.

नक्कल खिशात घालून वडील बाहेर गेले. मित्र बाकावरून उठून उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि एवढंच म्हणाले, "चल रं बुडबुड्या. आधी तुझ्या आयकडं जाऊ."