बापू चौगुले आणि जगात सर्वाधिक खपलेली गाणी

बापू चौगुले यांच्या निधनानं कोल्हापूरच्या संगीतक्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य माझं आहे. दीड महिन्यापूर्वी चौकातल्या श्रद्धांजलीच्या फलकासाठी मंडळाच्या कार्यकर्त्यांना ते मी लिहून दिलं. वास्तविक बापू लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्यानं लावायचे आणि कोल्हापूरच्या संगीतक्षेत्रातलं त्यांचं स्थान विजेच्या खांबावर, जमिनीपासून बारा फुटांवर होतं. पण मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. अशी वाक्यं माझ्या हातून विचार न करताच निघतात. बापूंच्या हयातीतही माझ्याकडून असंच एक वाक्य निघालं होतं. त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

बापू गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुजाताचा आला. ती कागलला शाळेत शिकवते. "सर, बाबा गेले. झोपेतच. तुम्ही या." मी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, दाटी होती, तरी लोकांनी सरकून मला बापूंच्या उशापाशी जागा करून दिली. कुणीतरी शेजारच्याला हळूच सांगितलं, "हेच ते सर. अर्थ सांगणारे." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं...

आमची ओळख कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली. बापू स्पीकर लावायला यायचे. एके दिवशी ते वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन घरी आले. जगात आजवर सगळ्यात जास्त खपलेल्या सिंगल गाण्यांची ती यादी होती. सिंगल म्हणजे छोटी तबकडी, एका बाजूला एकच गाणं. यादीत अगदी वर एक जुनं अमेरिकन नाताळचं गाणं होतं, त्याच्या पाच कोटी प्रती खपल्या असं म्हणतात. त्याच्याखाली एका राजघराण्यातल्या सुनेच्या अंत्यविधीला गायलेलं. बापूंनी ठरवलं होतं, यादीतल्या जेवढ्या मिळतील तेवढ्या तबकड्या जमवायच्या. मी म्हणालो, "बापू, हे आकडे कंपन्यांनी अंदाजानं ठोकलेत. मोजल्यात कुणी?"

"सर, आमच्या कुस्तीच्या मैदानात तरी माणसं कोण मोजतंय? लाख म्हणत्यात. धा हजार आली तरी लाखच. पण पयला नंबर कुणाचा, ह्ये ठाऊक पाहिजे का नको?"

मग ती तबकड्यांची शोधाशोध सुरू झाली. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या भंगारवाल्यांकडे, मिरजेच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या ट्रंकेत. बापूंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तबकडीवरचं नाव ते कात्रणातल्या नावाशी चित्रासारखं जुळवून बघायचे. आणि रविवारी सकाळी दहाला त्यांच्या सोप्यात या गाण्यांचं मैदान भरायचं. मैदान हा त्यांचाच शब्द. दोन तबकड्यांची जोड लावायची. बापू कुस्तीच्या निवेदकासारखे उभे राहून पुकारा करायचे, "अमेरिकेचा पैलवान, खप पाच कोटी... समोर विलायतेचा, खप सव्वा तीन कोटी..." मग दोन्ही गाणी वाजायची, ज्याला टाळ्या जास्त तो विजयी. हरलेल्या तबकडीची पाठ लागली असं जाहीर होऊन ती पाकिटात जायची. एका रविवारी जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्याला मंगळवार पेठेत अस्मान दाखवण्यात आलं, कारण ते फार संथ आहे असं जमलेल्या अकरा माणसांचं मत पडलं. बापूंच्या पत्नी, सुमनवहिनी, आतल्या दारात बसून भडंग वाटायच्या.

यात माझं काम अर्थ सांगण्याचं. बाकीच्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मला हाताची लाकडी खुर्ची. गाणं संपलं की बापू पेन्सिल आणि वही घेऊन पुढ्यात बसायचे, "आता सांगा सर, काय म्हणतोय त्यो?" मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे आणि पुढच्या वेळी पुकाऱ्यात तो अर्थ घालायचे. आता जे सांगायचं आहे ते माझ्या विद्यार्थ्यांनी वाचलं तर वाचू दे. छापील इंग्रजी मला येतं. गायलेलं कळत नाही. परदेशी गवई शब्द चावून गातो, त्यातले चार कानाला लागतात, त्या चारांवर मी इमारत उभी करायचो. तीस वर्षं ज्यांना इंग्रजी कविता समजावली त्यांच्या गावात, हाताच्या खुर्चीत बसून, "मला ऐकू येतंय पण कळत नाही" एवढं म्हणायची माझी छाती नव्हती. रिक्षावाले महादेवराव तेवढे मधूनमधून टोचायचे, "सर, गाणं अडीच मिनिटांचं आन् अर्थ सात मिनिटांचा? इंग्रजी लईच दाबून भरत्यात म्हणायचं." सगळे हसायचे, मीही हसायचो.

त्या यादीतली एक तबकडी नर्सबाईंच्या ट्रंकेत निघाली. त्या रविवारी बापूंनी ती लावली, सुरुवातीला नुसतं वाद्यांचं संगीत होतं, चाल गोड आणि जरा उदास. मला काय सुचलं कुणास ठाऊक, आवाज लागायच्या आधीच मी हात वर करून म्हणालो, "हे विरहाचं गाणं आहे. नीट ऐका." मग गायक गायला लागला आणि दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की हे इंग्रजी नाही. जपानी असावं असं चौथ्या ओळीला वाटलं. गाणं संपलं. बापू पेन्सिल घेऊन बसले होते, अकरा माणसं माझ्याकडे बघत होती आणि वहिनींनी भडंगाची परात खाली ठेवली होती. तेव्हा म्हणता आलं असतं. "बापू, ही भाषा मला येत नाही," एवढंच. कुणी हसलंही नसतं. कोल्हापुरात जपानी न येणं हा दोष मानत नाहीत. पण मी विरह म्हणून बसलो होतो. मी सांगितलं, "एका माणसाची बायको लांब गेली आहे. तो म्हणतो, तू गेल्यापासून मी दाराला कडी लावलेली नाही. तू कधीही आलीस तरी तुला दार वाजवायला लागू नये."

महादेवरावांनीसुद्धा टोचलं नाही. वहिनी म्हणाल्या, "किती बरं लिवलंय. म्हंजे तिकडं पण दारास्नी कड्याच असत्यात." त्या दिवशीची जोड त्या तबकडीनं एकतर्फी जिंकली. मी घरी आलो तो थोडा खुशीतच होतो. हे लपवून उपयोग नाही.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. कावीळ झाली, तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. मैदान बंद पडलं. दोन महिन्यांनी सुजाता माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, बाबा दाराला कडी लावत नाहीत. दिवसा न्हाय, रात्री न्हाय. परवा कुत्रं आत येऊन बसलेलं. विचारलं तर म्हणतात, सरांनी सांगितलंय. तुमचं ऐकतील, जरा सांगा की त्यांना."

मी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. वाटेत ठरवलं होतं की आता खरं सांगून टाकायचं. बापूंनी चहा केला, बशीत ओतून दिला. मी म्हणालो, "बापू, काव्यातला अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो. ती एक प्रतिमा असते." बापूंनी आपली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग अर्थ कशाला सांगितलासा?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते न देता मी चहा प्यायलो आणि पावसापाण्याचं बोललो.

त्यानंतर वर्षभरात एका दुपारी, बापू बाजारात गेले असताना, कुणीतरी उघड्या दारातून आत शिरलं आणि रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची पेटी घेऊन गेलं. पंधरा वर्षांची जमवाजमव. पोलीस ठाण्यात मी बरोबर गेलो. शिकलेला माणूस बरोबर असावा म्हणून बापूंनीच बोलावलं. हवालदारानं विचारलं, "काय काय गेलं?" बापू म्हणाले, "जगात सगळ्यात जास्त खपलेली गाणी." हवालदार लिहिता लिहिता थांबला. "पावणं, मग काळजी कशाला करताय? जास्त खपलेली म्हंजे बाजारात लई असतील की. दुसरी घ्या." मग त्यानं विचारलं, कुलूप तोडलं का? बापू म्हणाले, कुलूप नव्हतं. कडी? कडी लावलेली नव्हती. का? बापूंनी माझ्याकडे बघितलं, तक्रार म्हणून नव्हे, तर हे सर नीट सांगतील अशा विश्वासानं. मी हवालदाराला सांगितलं, "विसरले असतील. वय झालंय." कागदावर तेच लिहिलं गेलं.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "बापू, आता तरी कडी लावा." ते म्हणाले, "आता चोरायला काय ऱ्हायलंय? आन् सर, गाणी गेली तर गेली. अर्थ माझ्यापाशी लिवलेला हाय."

यानंतर मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. कारणं सांगायला माझ्याकडे नेहमीच चांगली वाक्यं असतात.

ते गेले त्याच्या पंधरा दिवस आधी मी शेवटचा भेटलो. कॉटवर पडून होते, आवाज बारीक झाला होता. म्हणाले, "सर, ते कडीचं गाणं... अर्थ सांगा की एकदा. तुमच्या तोंडनं ऐकायचंय." मी सांगायला लागलो. बायको लांब गेली आहे, तो म्हणतो, तू गेल्यापासून मी दिवा मालवलेला नाही, तुला अंधारात...

"न्हाय, न्हाय," बापूंनी हात हलवला. "दिवा न्हाय. कडी. 'तू कधीही आलीस तरी तुला दार वाजवायला लागू नये.' असं म्हणालतासा तुम्ही." त्यांनी पूर्ण अर्थ एकही शब्द न चुकता म्हणून दाखवला. मग हसले. "तुमचं पण वय झालं सर. असूं दे. माझ्याकडं लिवलेलं हाय."

मी तेव्हाही बोललो नाही. मरणाच्या दारातल्या माणसाचा आधार काढून घेऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. हेही तसंच एक वाक्य. खरं एवढंच की त्या खोलीत मी अजून हाताच्या खुर्चीत बसलो होतो आणि उठायला तयार नव्हतो.

शोकसभेत मी बोललो. खरं सांगायचं ठरवूनच उभा राहिलो होतो. समोर चाळीसेक माणसं, पहिल्या रांगेत सुजाता. मी कडीचा अर्थ पुन्हा सांगितला. या वेळी बिनचूक. बायका डोळे पुसत होत्या. खाली उतरल्यावर महादेवराव कानाशी येऊन म्हणाले, "सर, आज अर्थ दोनच मिनिटांत आटपलासा. खरं वाटलं." त्या रात्री मी नातीला ते गाणं मोबाइलवर शोधायला लावलं. तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. जपानीच आहे. इंग्रजीत कुणीतरी केलेला अर्थही सापडला. त्यात कडी नाही, दार नाही, लांब गेलेली बायको नाही. मूळ गाणं माझ्या अर्थापेक्षा पुष्कळच चांगलं आहे. बापूंना ते आवडलं असतं. ते त्यांना कधी मिळालंच नाही, कारण मध्ये मी बसलो होतो.

गेल्या रविवारी सुजाता कागलहून घर आवरायला आली होती. मी गेलो आणि उभ्यानंच तिला सगळं सांगितलं. जपानीचं, पोलीस ठाण्यातलं, शोकसभेचं. ती पातेली पोत्यात भरत होती. भरणं थांबवून तिनं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो, ती चिडेल किंवा निदान रडेल. हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "आई गेल्यावर बाबा जेवत न्हवते. त्या वहीतलं वाचत बसायचे. मग मी पण कधी इथं राहायला आले तर कडी लावायची न्हाय." आणि म्हणाली, "तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, सर." यात माफी नव्हती आणि मी ती मागितलीही नाही.

मग तिनं पोतं बांधलं, सोप्यावरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "म्हणजे आता लावली तर चालेल न्हवं?"

मी म्हणालो, "लाव."

कडी सहा वर्षांच्या गंजानं जागच्या जागी धरली होती. तिनं ओढली, मी ओढली, खोबरेल सोडून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी दाराला आतून पाटा टेकवला आणि आम्ही दोघं मागच्या दारानं बाहेर पडलो.