बालाजीच्या वतीनं चतुराकाकू

चतुराकाकूंचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत आहे, आणि ती काकूंचा आवाज अडवण्याच्या लायकीची नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की शेजारच्या घरात प्रश्न कुणालाही विचारला तरी उत्तर काकूंकडून येतं. ओट्यावर बसलेल्या उकंडकाकांना रस्त्यानं जाणारा विचारायचा, "काय उकंडराव, हळद कशी हाय औंदा?" काका तोंड उघडेपर्यंत स्वयंपाकघरातून हळदीची सगळी हकीकत यायची. मग काका मान हलवायचे, म्हणजे उत्तरावर सही झाली. त्यांच्या कोमलला बघायला गोरेगावचे पाहुणे आले होते. त्यांनी रीतीप्रमाणं पोरीला नाव विचारलं, तर तेही काकूंनीच सांगितलं. पाहुणे हसले आणि लग्न जमलं, म्हणून त्या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नाही.

यात काकूंचा वाईट हेतू कधीच नव्हता. आपल्या माणसाला बोलायची तकलीफ कशाला, एवढंच त्यांच्या मनात असायचं. माया होतीच, पण ती समोरच्याच्या घासापर्यंत आणि शब्दापर्यंत जाऊन पोचणारी होती.

बालाजी हा त्यांचा थोरला. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि काम जोखमीचं. नरसीकडच्या चार-सहा गावांत विहिरीतली मोटार गाळात रुतली की भीमसिंगला बोलावणं यायचं, आणि भीमसिंग बालाजीला घेऊन जायचा. भीमसिंग मोटारी दुरुस्त करायचा आणि बालाजी कमरेला दोर बांधून खाली उतरायचा. गार पाण्यात बुडी मारून मोटारीला दोर अडकवायचा आणि वर यायचा. त्याला त्या कामाचा नाद होता. वर आल्यावर ओल्या अंगानं काठावर बसून बिडी ओढायचा तेव्हा त्याच्याइतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर बालाजीची झोप उडाली. आधी नुसता जागा राहायचा, मग एकटाच बोलायला लागला. पुढं पुढं तो स्वतःच्या शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचा आणि आतून कुणीतरी आपलं नाव घेऊन बोलावतंय म्हणायचा. आधी बाहेरचं बघून झालं, अंगारे-धुपारे झाले. शेवटी कोमल माहेरी आली, तिनं सगळ्यांना झापलं आणि भावाला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. त्याच दिवसांत काकूंनी गावच्या मारुतीला नवस केला होता, माझं लेकरू बरं होऊ दे, त्याच्या भारोभार गूळ वाटीन.

गोळ्या लागू पडल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोळीला शिव्या देणारे आमच्याकडं खूप आहेत. महिना-दोन महिन्यांत बालाजी रात्री झोपायला लागला, आवाज थांबले, आणि तो माणसात आला. त्याला भूक मात्र अशी लागायची की भाकरीची टोपली पुरत नसे. त्याचे गाल वर आले, पोट सुटलं, जुने कपडे चढेनात. काकू हरखून गेल्या. आमच्याकडं पोरगं जाड झालं म्हणजे घर बरं चाललंय असं समजतात. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, कसं अंग भरलंय बघा माझ्या लेकराचं.

बालाजीला मात्र ते अंग आपलं वाटत नव्हतं. एकदा भीमसिंगबरोबर तो कामावर गेला. त्याला खाली सोडताना दोर धरणाऱ्यांचे हात सोलवटले, वर ओढताना तर आणखी माणसं बोलवावी लागली. भीमसिंग भला माणूस, काही बोलला नाही. पण पुढच्या वेळी त्यानं दुसऱ्या गावचा माणूस नेला, आणि बालाजी ओट्यावर काकांच्या शेजारी बसायला लागला.

त्याला एकच गोष्ट हवी होती, पुन्हा विहिरीत उतरता येईल असं अंग. त्यासाठी त्यानं जे करता येईल ते केलं. हिंगोलीला बाजाराच्या निमित्तानं जाऊन तिथल्या एका साध्या डॉक्टरला त्यानं विचारलं. ते म्हणाले, हे त्या गोळीचं असू शकतं, ज्यांनी दिली त्यांनाच सांगा, मनानं बंद मात्र करू नका, आणि रोज चाला. दुसऱ्या दिवसापासून बालाजी पहाटे फाट्यापर्यंत चालायला लागला. पण आमच्या गावात शेत नाही, ढोर नाही, हातात डबा नाही आणि माणूस नुसताच चालतोय म्हटलं की लोक एकमेकांकडं बघतात. बालाजीचं पुन्हा बिघडलं अशी कुजबुज झाली, तशी काकू मागं धावत जाऊन त्याला घरी घेऊन आल्या. वर गरम भाकरीवर तूप घातलं.

मग राहिले नांदेडचे डॉक्टर. तिथं काय व्हायचं ते कोमलनं मला सांगितलंय, आणि पुढं काकूंनी स्वतः इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं बसले होते असंच मला वाटतं. बाहेर ही रांग. डॉक्टर मान वर करून विचारायचे, कसं काय बालाजी? आणि काकू सुरू व्हायच्या. झोपतो बराबर, खातो बराबर, गोळी मी माझ्या हातानं देते. एकदा बालाजीनं धीर करून सुरुवात केली होती, "साहेब, माझं वजन..." काकूंनी लगेच वाक्य हातात घेतलं. वजनाचं काय साहेब, देवाच्या दयेनं चांगलं अंग धरलंय पोरानं, तुमच्या हाताला यश हाय. डॉक्टर हसले आणि त्यांनी तीच गोळी पुन्हा लिहिली. कोपऱ्यात वजनाचा काटा होता, त्यावर कागदांचा गठ्ठा ठेवलेला होता. त्यांनी गठ्ठा बाजूला करून पोराला एकदा उभं केलं असतं तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण त्यांनीही घाई केली, आणि काकूंचं उत्तर इतकं गोड होतं की पुढं विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

मला त्याच सुमारास काकूंचा राग आला होता. मी म्हटलं, काकू, त्याला कामावर जायचंय, त्याचं वजन उतरू द्या की. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता हळू आवाजात म्हणाल्या, "मिना, जाड माणूस हिरीत उतरत न्हाई."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं आईचं मन. तेव्हा मला कळलं की त्यांना वाढलेलं वजन दिसत नव्हतं असं नाही. त्यांना ते हवंच होतं. कठड्यावर बसलेला बालाजी त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता, आणि त्या वजनानं त्यांचं पोरगं घराला बांधून ठेवलं होतं.

नवस फेडायचा राहिला होता तो चैत्रात फेडायचं ठरलं. भुसार दुकानातून मोठा तराजू आणून मारुतीपुढच्या लिंबाला टांगला. एका पारड्यात गुळाच्या ढेपा रचल्या, दुसऱ्यात बालाजीला बसवलं. तो नको म्हणत होता. काकूंनी लोकांना सांगितलं की लाजून राहिला. पारडं जे खाली टेकलं ते उठेचना. आणलेला गूळ संपला. तातेराव म्हणून आमच्याकडचे एक वयस्क आहेत, ते मोठ्यानं म्हणाले, नरसीची दुकानं रिकामी करा आता. सगळा पार हसला, बायका पदरात हसल्या, आणि माणूस मोटारसायकलवर आणखी ढेपा आणायला गेला. तो येईपर्यंत बालाजी त्या पारड्यात मांडी घालून बसून राहिला. उतरलं तर नवस मोडतो म्हणून काकूंनी त्याला उतरू दिलं नाही. मी त्याच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि नंतर बघवलं नाही. प्रसादाचा गूळ सगळ्यांनी घेतला, मीही घेतला.

त्यानंतर बालाजीनं गोळी घेणं बंद केलं. काकू रोज हातावर गोळी ठेवायच्या, तो तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि मोरीत जाऊन थुंकायचा. हे कळलं ते फार नंतर. तेव्हा दिसलं ते एवढंच की त्याची भूक कमी झाली आणि त्याचं वजन उतरायला लागलं. काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. बालाजी मात्र खुशीत होता, पोरांशी बोलायचा, हसायचा. पावसाळ्याच्या तोंडावर तो भीमसिंगबरोबर पुन्हा विहिरीत उतरला. ओल्या अंगानं गावातून चालत आला, माझ्या दारात थांबला आणि म्हणाला, "वहिनी, जमलं." काकू त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. तो दिवस चांगला होता हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, पण तो चांगला नव्हता हेही लवकरच कळलं.

झोप गेली. मग पुन्हा ते एकट्याचं बोलणं. आम्ही सगळे विहिरीकडं डोळे लावून बसलो होतो, काकूंनी कठड्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. बालाजी विहिरीकडं गेलाच नाही. एका सकाळी तो सरळ फाट्यावर गेला, हिंगोलीला उतरला आणि रेल्वेत बसला. किती दिवस कुठं फिरला देव जाणे. पूर्णा स्टेशनवर अनवाणी, ताप भरलेला, स्वतःचं नाव न सांगता येणारा असा सापडला, तेव्हा त्याला शोधत फिरणाऱ्या भीमसिंगनं ओळखून उचलून आणलं.

नांदेडला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? काकू म्हणाल्या, बंद कशी असंल साहेब, मी रोज देते. खाटेवरून बालाजी भिंतीकडं तोंड करून बोलला, "जाड व्हतो म्हणून थुकत व्हतो."

डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची ओढून खाटेजवळ बसले. म्हणाले, या गोळीनं वजन वाढतं, बऱ्याच जणांचं वाढतं. मला सांगितलं असतंत तर मी पहिल्याच वर्षी बदलून पाहिली असती. दुसऱ्या गोळ्या आहेत, खाण्यावर उपाय आहेत, साखर तपासायला हवी होती. माझंही चुकलं, मी तुमचं वजनच केलं नाही. मग ते काकूंकडं वळून म्हणाले की मधे अशी बंद केली की आजार परत येतो तेव्हा जास्त जोरात येतो, आणि गेलेलं सगळंच परत मिळतं असं नाही.

काकू घरी आल्या त्या रात्री भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. सकाळी त्या माझ्या चुलीपुढं येऊन बसल्या. "त्यानं सांगितलं व्हतं, मिना," त्या म्हणाल्या. "साहेबापुढं बसून सांगितलं व्हतं. मीच बोलले मधी." हे वाक्य त्या अजूनही म्हणतात. भाजी निवडताना म्हणतात, शेतात जाताना म्हणतात. मी आधी समजूत घालायची, आता घालत नाही. खरं आहे ते, आणि त्यांनाही ते खरंच असू द्यायचं आहे.

नव्या गोळ्या लागू पडायला खूप दिवस लागले. बालाजी घरी आला. वजन आता वाढत नाही, डॉक्टर दर खेपेला काट्यावर उभं करतात. आवाज थांबलेत. पण पहिल्या खेपेला जो बालाजी परत आला होता तो या खेपेला आला नाही. दिलं ते खातो, सांगितलं तिथं बसतो. भीमसिंग एकदा दोर घेऊन मुद्दाम दारात आला, नुसतं काठावर बसायला चल म्हणाला. बालाजीनं दोराकडं बघितलं आणि तो आत निघून गेला.

काकू बदलल्या. कुणी उकंडकाकांना काही विचारलं की त्या पदर तोंडाशी धरून गप्प राहतात. काका बिचारे गोंधळतात, त्यांना सवय नाही. गेल्या महिन्यात काकांना ताप होता म्हणून बालाजीला दाखवायला नांदेडला त्यांच्याऐवजी मी सोबत गेले. जीपमध्ये काकू मला बजावत होत्या, की आज साहेबांनी विचारलं तर तू बी बोलू नको, मी बी बोलत न्हाई, त्यालाच बोलू दे.

डॉक्टरांनी वजन लिहून घेतलं, फाईल मिटली आणि खुर्ची पुढं ओढली. त्यांनाही आता घाई नसते. म्हणाले, बालाजी, या गोळीनं काही त्रास होतोय का? मनात काही असलं तर सांगा, मी ऐकतोय. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. बालाजीनं डॉक्टरांकडं बघितलं, मग हळूच मान वळवून आईकडं बघितलं.

"मायला इचारा," तो म्हणाला.

डॉक्टर काकूंकडं वळले. काकूंनी पदर तोंडातून काढला. "मला ठावं न्हाई साहेब," त्या म्हणाल्या. "मी कधी इचारलंच न्हाई त्याला."