योगिताने परत घेतलेली पावती

दापोरा रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर योगिता महाजन अठरा वर्षं केळीचे ट्रक मोजते. एवढ्या काळात दिलेली पावती तिने कधी परत घेतली नव्हती. मागच्या जानेवारीत एक घेतली. ती गोष्ट ती स्वतःच सांगते.

जवळच्याच लालबाग वस्तीतला तुषार जुनी हॅचबॅक घेऊन आला होता. रविवारी चारशे दोन मीटरच्या, सरळ रस्त्यावरच्या ड्रॅग रेसमध्ये तो उतरणार होता. शेवटच्या रेषेवर गाडीचा वेग किती असेल ते फॉर्ममध्ये आधी लिहून द्यायचं; ताशी दोन किलोमीटरपेक्षा जास्त फरक पडला की गाडी बाद. फॉर्मची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. सूत्र तुषारने मोबाइलवर काढून ठेवलं होतं: ताकदीला वजनाने भागायचं, घनमूळ काढायचं, २८९ने गुणायचं. ताकद १०५ अश्वशक्ती, सोबतच्या गॅरेजवाल्या गजाननने तपासलेली. फक्त वजन हवं होतं.

योगिताने हात केला, तुषार उतरला. ट्रक भरलेला असो की रिकामा, काट्यावर ड्रायव्हर उतरतोच. वजन ८६० किलो भरलं. वेग निघाला १४३.

दोघे फॉर्म भरायला समोरच्या टपरीवर गेले. योगिताने पुढचा ट्रक काट्यावर घेतला आणि त्याचा ड्रायव्हर खाली उतरताना पाहून तिला आपली चूक कळली. ट्रक तसाच ठेवून ती टपरीवर गेली, पावती परत मागितली.

गजानन हसला. "काटा चुकला का, ताई? तुम्ही केळी मोजा, मोटारीचं आमच्यावर सोडा."

"काटा बरोबर आहे, भाऊ. माणूस कमी आहे. गाडी काय बिगर ड्रायव्हरची पळवणार?"

तुषारला हेल्मेटसकट आत बसवून तिने पुन्हा वजन केलं. ९५५. घनमूळ तिने एकेक आकडा तीनदा मांडून, गुणून शोधलं: ०.५ जास्त होत होतं, ०.४७ कमी, ०.४८ अगदी किंचित जास्त. वेग १३८. काटा पाच किलोच्या खाली मोजत नाही, पण तेवढ्याने वेग पाव किलोमीटरच हलतो, हेही तिने काढून पाहिलं. गजानन १४३वर अडून बसला. तुषारने १३८ लिहिलं.

रविवारी नोंद झाली १३७.६. शर्यत दुसऱ्याने जिंकली, तुषारची गाडी मात्र बाद झाली नाही. गजाननने फोनवर आकडा सांगितला, तेव्हा योगिता काट्यावरच होती. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि त्याला तो पुन्हा सांगायला लावला. रांगेत चार ट्रक उभे होते.